नकाशा हिरवा, आदेश लाल: हौसेचं विमान उडवायचं तरी कुठे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला. त्याआधी वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के आणि कॅमेरा जोडलेल्या ड्रोनवर १८ टक्के कर होता. म्हणजे हौशी माणसासाठी ड्रोन चक्क स्वस्त झाला. पण त्याच्या सहाच दिवस आधी, १६ सप्टेंबरला, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्याचं नाव 'सिव्हिल ड्रोन (प्रमोशन अँड रेग्युलेशन) विधेयक, २०२५'. नावात प्रोत्साहन आहे, आत मात्र कैद, जप्ती आणि दखलपात्र गुन्हा आहे. त्यावर सूचना आणि हरकती पाठवण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत होती.

या चौदा दिवसांत किती जणांनी तो मसुदा उघडला असेल? ड्रोन कंपन्यांनी नक्की उघडला. त्यांच्याकडे वकील आहेत, संघटना आहेत. पण नेवाशात सनबोर्ड कापून, ग्लू गनने चिकटवून, ऑनलाइन मागवलेली मोटर लावून विमान उडवणाऱ्या पोराकडे यातलं काहीच नाही. खरं तर हा कायदा सगळ्यात आधी त्याच्याच दारात येणार आहे.

मुळात नियम काय आहेत?

थोडं मागे जाऊ. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी डीजीसीएने एक सूचना काढून नियम तयार होईपर्यंत नागरी ड्रोन उडवायला मनाईच केली होती. पहिले नियम यायला चार वर्षं लागली. ते १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले. मार्च २०२१ मध्ये आणखी कडक नियम आले आणि पाच महिन्यांत ते गुंडाळून २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम २०२१' आले. आज लागू आहेत ते हेच. २५ अर्जांचे ५ अर्ज झाले, ७२ प्रकारच्या शुल्कांची ४ शुल्कं झाली. नोंदणीचं शुल्क १०० रुपये.

तारखा जरा लक्ष देऊन पाहा. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांत सरकारने नियम सैल केले. घातपात करणारा नोंदणी क्रमांक घेऊन येत नाही आणि फॉर्म वाढवल्याने तो थांबत नाही, हे तेव्हा सरकारला पटलेलं दिसतं. २०३० पर्यंत देशाला ड्रोनचं जागतिक केंद्र करायचं, ही घोषणाही त्याच काळातली.

या नियमांत वजनावरून पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, मग मीडियम आणि लार्ज. नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही आणि विमाही लागत नाही. २ किलोपर्यंतचा ड्रोन पैसे न घेता, स्वतःच्या हौसेसाठी उडवला तरी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. इथे गावोगावच्या फोटोग्राफर मंडळींनी थांबून वाचावं. लग्नाच्या शूटिंगला सुपारी घेऊन तोच मायक्रो ड्रोन उडवला, तर प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे मंगल कार्यालयावर ड्रोन फिरल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. त्यातल्या किती जणांकडे ते असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. याच नियमांत 'मॉडेल' विमानांची वेगळी व्याख्या आहे. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा केवळ करमणुकीसाठी असलेलं आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच उडणारं ते मॉडेल. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या बनावटीला मिळणारं सरकारी मान्यतापत्र, लागत नाही. नोंदणीतून मात्र सुटका नाही. तुमच्या यंत्राला एक 'यूआयएन', म्हणजे गाडीच्या नंबर प्लेटसारखा क्रमांक घ्यावा लागतो.

अडचण इथूनच सुरू होते. हा क्रमांक यंत्राच्या अनुक्रमांकाला, आतल्या फ्लाइट कंट्रोलरच्या अनुक्रमांकाला आणि रिमोटच्या अनुक्रमांकाला जोडलेला असतो. कंट्रोलर बदलला की नव्या क्रमांकाची नोंद पोर्टलवर करायची. कंपनीतून डबाबंद आलेल्या ड्रोनला हे ठीक आहे. घरी बनवलेलं विमान दर रविवारी आपटतं. पंख एका विमानाचा, मोटर दुसऱ्याची, कंट्रोलर मित्राकडून उसना, अशी त्याची गत असते. ज्याने इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्पर्धेसाठी रात्रभर जागून विमान जोडलं आहे, त्याला विचारा, 'या विमानाचा सीरियल नंबर काय?' तो हसेल. शिकण्याची पद्धतच अशी आहे की यंत्र दर आठवड्याला नवं होतं. यंत्र म्हणजे एकदा विकत घेतलेली आणि तशीच राहणारी वस्तू, असं नियम धरून चालतो.

नेवाशाचं आकाश कोणत्या रंगाचं?

२४ सप्टेंबर २०२१ रोजी सरकारने डिजिटल स्काय या पोर्टलवर देशाच्या आकाशाचा नकाशा टाकला. लाल, पिवळा, हिरवा. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल, ५ ते ८ किलोमीटर पिवळा. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा. त्यापलीकडे, जिथे वेगळी बंदी नाही तिथे, ४०० फुटांपर्यंत हिरवा. हिरव्या पट्ट्यात या उंचीपर्यंत उडवायला हवाई परवानगी लागत नाही.

नेवाशाला जवळचे विमानतळ दोन: शिर्डी आणि छत्रपती संभाजीनगर. दोन्ही १२ किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे. लष्कराची ठिकाणं आहेत, पण ती नगर शहराच्या बाजूला. आर्मर्ड कोअरचं केंद्र, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, केके रेंजचा गोळीबार सराव पट्टा. तिकडे जाताना नकाशा दोनदा बघायला हवा. नाथसागराच्या फुगवट्यावर, प्रवरासंगमच्या अंगाला पक्षी टिपायला ड्रोन न्यायचा विचार असेल तर तोही आवरा. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनविभागाचा कायदा वेगळा लागतो. पैस खांबाच्या मंदिराजवळ किंवा शनिशिंगणापुरात गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेणं तर कुठल्याही नियमाआधी साध्या अकलेतच बसत नाही. बॅटरी संपली, पंख्याचं पातं तुटलं, की वरून पडणारी किलोभराची वस्तू भाविक आणि बिगरभाविक असा भेद करत नाही.

हे सोडलं तर उरतं ते ऊस तुटून गेलेलं रान, गायरान, कॉलेजचं मैदान. प्रवरेकाठचा हा तालुका सपाट आहे. वारा ओळखीचा आणि मोकळं आकाश भरपूर. मॉडेल विमानाला याहून चांगली जागा कुठली? मग अडतं कुठे?

२०२४ च्या पावसाळ्यातल्या त्या रात्री

तुम्ही नगर, पुणे, बीड किंवा संभाजीनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात राहत असाल तर ते दिवस आठवतील. रात्री घरांवर ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करून घरं हेरतात, अशा चर्चांनी गावं जागी होती. तरुण पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. मोबाइलवर लुकलुकत्या दिव्याचे व्हिडिओ फिरत होते. जुलैमध्ये अंतरवाली सराटीतल्या ड्रोनचा विषय थेट विधानसभेत गाजला. पोलिस अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगत राहिले, पण तोवर भीती घराघरांत पोचली होती.

त्यातले काही ड्रोन खरे असतीलही. पण इंजिनिअरिंग शिकलेला माणूस म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण वीस ते तीस मिनिटं टिकते. तो तासन् तास एका जागी लटकत नाही. आणि घर हेरण्याइतका खाली असेल तर त्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरघर शांत रात्री स्पष्ट ऐकू येते. याउलट दहा किलोमीटर उंचीवरून तुमच्याच दिशेने येणारं प्रवासी विमान बराच वेळ एका जागी थांबल्यासारखं दिसतं, आवाज उशिरा येतो, दिवा लुकलुकत राहतो. 'वर काहीतरी थांबलंय आणि आवाज नाही' या वर्णनात ड्रोन कमी बसतो, विमान जास्त.

तरी भीतीची थट्टा करू नये. वस्तीवर एकटं घर, आसपास उसाचं रान, रात्री शेतीपंपाची पाळी. शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत म्हणून साऱ्या जगाला कौतुक. बाकी तालुक्याला दारंही आहेत आणि चोरीची धास्तीही. पोलिस ठाण्याचं मनुष्यबळ आणि त्याच्या हद्दीतली गावं यांचं प्रमाण पाहता फौजदाराने तरी काय करावं? फोन आला की जायचं आणि ज्याच्या हातात रिमोट सापडेल त्याला उचलायचं.

अशा वेळी रिमोट सापडतो तो हौशी पोराच्याच हातात. चोराच्या हातात सापडेल का?

दोन कायदे, एक आकाश

हौशी लोकांचं खरं दुखणं मला इथे दिसतं आणि चर्चा मात्र भलतीकडेच होते.

कायदा-सुव्यवस्थेसाठी ड्रोनबंदी करायची तर दोन वाटा आहेत. पहिली ड्रोन नियमांतच, नियम २४ मध्ये आहे. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलिस एखाद्या भागाला तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. त्यासाठी पोलिस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी हवा, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास, क्षेत्र वाजवी आकाराचं, आणि ते डिजिटल स्कायच्या नकाशावर दिसलं पाहिजे. मोठी यात्रा आली, मंत्र्यांचा दौरा आला, तर चार दिवस पुरेसे आहेत.

दुसरी वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ची, म्हणजे जुन्या १४४ ची. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालू शकतो आणि शहर किंवा जिल्हा अशा मोठ्या क्षेत्रालाही लागू होऊ शकतो. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर असे तीस-तीस दिवसांचे आदेश वारंवार निघत आले आहेत. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना देशभर अनेक ठिकाणी असे आदेश निघाले; त्या वेळी ते समजण्यासारखं होतं. पण असा आदेश डिजिटल स्कायच्या नकाशावर उमटेलच असं नाही. तो निघतो कार्यालयाच्या फलकावर, प्रसिद्धिपत्रकात, फार तर आमच्यासारख्यांच्या एका छोट्या बातमीत. मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा.

समजा, नेवासा फाट्यावरच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने नऊशे ग्रॅमचं विमान बनवलं. नोंदणी केली, विमा काढला, मोबाइलवर नकाशा उघडला, आकाश हिरवं दिसलं, चारशे फुटांखाली उडवलं. त्या दिवशी जिल्ह्यात मनाई आदेश लागू असेल तर तो गुन्हेगार. केंद्र सरकारच्या अधिकृत नकाशावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक. घरी फोन जातो आणि बापाला पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागते. पुढे पासपोर्टच्या पडताळणीत, नोकरीच्या अर्जात तो गुन्हा उभा राहतो. गावाकडच्या घरात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. विमान माळ्यावर जातं आणि पुन्हा खाली येत नाही.

नियम २४ लिहिताना कुणीतरी नीट विचार केला होता. वेळेची मर्यादा, अधिकाऱ्याची पातळी, नकाशावर जाहीर करण्याची सक्ती. चांगला नियम हातात असताना तो बाजूला ठेवून दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचं कलम वापरायची सवय लागली आहे आणि त्याची कुणाला टोचणीही नाही.

नव्या मसुद्याने काय बदलेल?

२०२१ चे नियम १९३४ च्या विमान कायद्याखाली केलेले होते. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. आता ५०० किलोच्या आतल्या ड्रोनसाठी स्वतंत्र कायदा असावा, असा प्रस्ताव आहे. कल्पना वाईट नाही. नोंदणी, टाइप सर्टिफिकेट आणि त्रयस्थ विमा या अटी त्यात कायद्याच्या पातळीवर येतात. विम्याला माझा आक्षेप नाही. कुणाच्या डोक्यावर विमान पडलं तर भरपाई मिळायलाच हवी.

आक्षेप शिक्षेच्या भागाला आहे. २०२१ च्या नियमांत भर होता तो १ लाखापर्यंतच्या दंडावर. मसुद्यात कैद आली, गुन्हे दखलपात्र झाले, पोलिसांना ड्रोन आणि कागदपत्रं जप्त करण्याचे अधिकार आले. दखलपात्र म्हणजे वॉरंटशिवाय अटक शक्य. आता वरचा नेवासा फाट्याचा प्रसंग पुन्हा डोळ्यासमोर आणा आणि त्यात हे कलम घाला. पंचनाम्यात 'ड्रोन' लिहिलं जाईल, कारण पंचनामा लिहिणाऱ्याला पंखाचं विमान आणि चार पंख्यांचा ड्रोन यांतला फरक कुणी शिकवलेला नाही. ते विमान न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत धूळ खाईल. लायपो बॅटरी तशा खोलीत महिनोन् महिने पडून राहणं हा वेगळाच धोका. फुगलेली लायपो पेट घेते, हे ठाण्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

कायदा कडक हवा असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. विमानतळाजवळ ड्रोन उडवणं हा जिवाशी खेळ आहे, शेजारच्या घरात डोकावणं हा गुन्हाच आहे, आणि रीलसाठी मिरवणुकीवर ड्रोन नाचवणारे हौशी लोकांतच आहेत. त्यांना जरूर शिक्षा करा. पण लाल क्षेत्रात मुद्दाम घुसणारा आणि नोंदणीतला कंट्रोलरचा क्रमांक बदलायचा राहिलेला, या दोघांना एकाच तुरुंगाची भीती दाखवणं म्हणजे सायकलला मागचा दिवा नाही म्हणून दरोड्याचं कलम लावण्यासारखं आहे.

दुसरीकडे याच ड्रोनसाठी सरकार पैसा ओतत आहे. नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे आहेत. १,२६१ कोटींची योजना, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत. नेवाशाशेजारी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोन पायलट घडवण्याचं काम चालतं. उसावर, कांद्यावर फवारणी करणारा ड्रोन उद्या घोडेगाव-सोनईच्या शिवारात नेहमीचा होईल. तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत फवारणीची वेळ निघून जाईल. ईएससी जळाला की मोटर, हे पाच मिनिटांत सांगणारा पोरगा तोच असेल, ज्याने आठवीत असताना सनबोर्डचं विमान दहा वेळा आपटून पुन्हा जोडलं होतं. त्याला आज ठाण्यात बसवलं, तर उद्या तो हाती लागणार नाही.

बाहेर काय चालतं?

अमेरिकेतही हा वाद झाला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या एफएएने हौशी लोकांना नोंदणी सक्तीची केली. एका हौशी उडवणाऱ्यानेच कोर्टात आव्हान दिलं आणि मे २०१७ मध्ये ती सक्ती रद्द झाली. त्याच डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून ती परत आणली. हौशी मंडळी हरली म्हणायची. पण त्या भांडणातून पुढे काही चांगलं निघालं. हौशी उडवणाऱ्यासाठी एक छोटी मोफत ऑनलाइन परीक्षा आली. १९३६ पासून चालत आलेल्या अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्ससारख्या संघटनांना आपल्या सदस्यांसाठी सुरक्षेचे नियम घालण्याची मान्यता मिळाली. आणि प्रत्येक ड्रोनने उडताना स्वतःची ओळख प्रसारित करावी असा रिमोट आयडीचा नियम आला तेव्हा क्लबांच्या ठरलेल्या मैदानांना त्यातून सवलत दिली गेली. ठरलेलं मैदान, ठरलेले लोक. तिथे काय उडतंय हे प्रशासनाला आधीच ठाऊक.

आपल्याकडे एरो क्लब ऑफ इंडिया आहे, एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवतात. पण ड्रोन नियमांत क्लबला किंवा त्याच्या मैदानाला अशी कुठली भूमिका नाही. प्रत्येक जण एकटा, आपापल्या जबाबदारीवर.

मग मंत्रालयाला काय लिहायचं?

मसुदा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होता आणि सूचना कुठे पाठवायच्या तेही तिथेच दिलं होतं. चार ओळी पुरल्या असत्या.

माझ्या चार ओळी अशा असतील. मॉडेल विमानाची २०२१ ची व्याख्या आणि त्याला असलेली सूट मूळ कायद्यातच लिहा. नंतरच्या अधिसूचनेवर सोडू नका. हौशी उड्डाणातली कागदोपत्री चूक दंडावर मिटवा, कैद ठेवायची तर विमानतळ, लष्करी तळ आणि मुद्दाम केलेल्या इजेसाठी ठेवा. तालुक्याला एक तरी मैदान मॉडेल उड्डाणासाठी नकाशावर दाखवा आणि तिथली जबाबदारी शाळा, कॉलेज किंवा नोंदणीकृत क्लबकडे द्या. आणि कुठलीही तात्पुरती बंदी डिजिटल स्कायच्या नकाशावर आल्याशिवाय लागू होणार नाही, असं एक वाक्य कायद्यात घाला.

शेवटच्या मागणीसाठी दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. नियम २४ आजही लागू आहे. अहिल्यानगरच्या जिल्हा प्रशासनाने आणि पोलिस अधीक्षक कार्यालयाने पुढच्या यात्रेला, पुढच्या बंदोबस्ताला तोच वापरायचं ठरवलं, तर उद्यापासून नेवाशातल्या पोराला मोबाइलच्या पडद्यावर खरा रंग दिसेल.

तोवर तुमच्यापैकी कुणी विमान उडवत असेल तर इतकं करा. नोंदणी करून घ्या, उडवण्याआधी नकाशा बघा, आणि जवळच्या पोलिस ठाण्यात फोन करून सध्या काही मनाई आदेश आहे का ते विचारा. अंधार पडायच्या आत विमान खाली उतरवा. रात्रीच्या दिव्यांची भीती अजून गावांतून गेलेली नाही. शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगून ठेवा, जमलं तर रिमोट त्याच्याही हातात द्या.